गव्हाचं एकच वाण दोन्ही रानांत चालेल का?

दोन_रानं (१२ ऑक्टोबर, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. इथं बहुतेक वेळ नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

पंढरपूर-मोहोळच्या मध्ये आमची दोन रानं आहेत. एक उजनीच्या कालव्याखालचं, खोल काळं. सोयाबीन निघालं की रान मोकळं होतं, त्यामुळं गहू नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरून होतो. दुसरं रान विहिरीवरचं, मध्यम. तिथं उसाचा खोडवा असतो. तोड झाली, रान मोडलं, की डिसेंबर उजाडलेला असतो, आणि विहीर दोन-तीन पाण्यांच्या वर साथ देत नाही.

तीन वर्षं दोन्हीकडं एकच बियाणं पेरलं. कालव्याच्या रानात एकरी १४-१५ क्विंटल पडतो. विहिरीच्या रानात एकदा ८, एकदा ६, आणि एकदा तर दाणा एवढा चिमला की मळणीवाला म्हणाला, "कोंबड्यांना घाला."

यंदा दुकानदार नवीनच पिशवी दाखवतोय. "याचा उतारा बघा, रेकॉर्ड आहे," म्हणाला. मी विचारलं, कुठलं रेकॉर्ड? तर त्याला फोन आला.

माझा प्रश्न साधा आहे. कमी दिला तरी चालेल, पण दोन्ही रानांत दगा देणार नाही असं एखादं वाण आहे का?

भीमाकाठ (१२ ऑक्टोबर, रात्री ९:५२)

लोकवन पेरा. विषय संपला.

मालदांडी_भक्त (१२ ऑक्टोबर, रात्री १०:०५)

सोलापूर जिल्ह्यात राहून गव्हाचा धागा काढायलाव? मोहोळच्या केंद्रातून निघालेली मालदांडी ३५-१ ज्वारी शंभर वर्षांच्या घरात आली. ना कालवा लागतो ना विहीर, थंडीच्या दवावर येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय. गव्हाला मिळालंय का इथल्या? भाकरी खावा आणि गप झोपा बे.

दोन_रानं (१२ ऑक्टोबर, रात्री १०:११)

@मालदांडी_भक्त, ज्वारी आहे की तिसऱ्या तुकड्यात. पण पोरांना डब्यात चपाती लागते, त्याला काय करू?

@भीमाकाठ, तीन वर्षं लोकवनच पेरतोय.

भीमाकाठ (१२ ऑक्टोबर, रात्री १०:१३)

मग बी घरचं वापरत असाल.

अर्धवट_शास्त्रज्ञ (१३ ऑक्टोबर, सकाळी ७:३०)

कृषीची पदव्युत्तर पदवी वनस्पती-पैदासशास्त्रात केली आणि आता बँकेत पीककर्जाच्या फायली बघतो, म्हणून हे नाव. हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात एक अख्खा पेपर होता, त्यामुळं जरा लांब लिहितो. कंटाळा आला तर सरळ पुढच्या प्रतिसादावर जा.

दुकानदार सांगतो तो उतारा एका रानाचा, एका वर्षाचा. विद्यापीठाच्या पुस्तिकेत असतो तो बऱ्याच ठिकाणांचा सरासरी आकडा. तुम्ही विचारताय ते या दोन्हींत नाही. तुम्हाला हवंय की रान बदललं, हंगाम बदलला तर तो आकडा किती हलतो.

समजा तीन ठिकाणं आहेत: एक चांगलं, एक मध्यम, एक वाईट. तिथं पेरलेल्या सगळ्या वाणांची मिळून एकरी सरासरी अनुक्रमे १८, १२ आणि ६ क्विंटल आली. आता चार वाणं बघा:

अ: २१, १२, ३
ब: १५, १२, ९
क: १९, १३, ७
ड: १७, १५, ४

अ, ब आणि ड, तिघांचीही सरासरी १२. पुस्तिकेत तिघं भाऊ-भाऊ दिसतील. पण अ हा लाडावलेला आहे: खायला-प्यायला मिळालं तर दीडपट उड्या मारतो, नाही मिळालं तर झोपतो. ब हा सोशिक. वाईट रानात तरतो, पण चांगल्या रानात घातलेलं खत-पाणी त्याच्या अंगी लागत नाही. ड लहरी आहे, त्याचं काय बिनसेल सांगता येत नाही. क मात्र रान सुधारेल तसा सुधारतो, बिघडेल तसा बिघडतो, आणि तिन्हीकडं सरासरीच्या एक क्विंटल वर राहतो.

ठिकाणाची सरासरी एक क्विंटलनं वाढली की वाण किती क्विंटलनं वाढतं, तो त्याचा 'चढ'; कागदावर मांडलं की त्याची रेषा होते. ही मांडणी जुनी आहे. १९६३ मध्ये फिनले आणि विल्किन्सन यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियात सातूच्या २७७ वाणांवर ती केली. १९६६ मध्ये एबरहार्ट आणि रसेल यांनी मक्यावर काम करताना तिच्यात भर घातली: नुसता चढ बघू नका, वाण त्या रेषेपासून किती भरकटतं तेही बघा. अ चा चढ दीड, ब चा अर्धा, क चा एक. ड चा चढही एकच्या जवळपास येतो, पण तो रेषेवर बसतच नाही. पैदासकार सरासरी जास्त, चढ एकच्या आसपास आणि भरकटणं कमी, असं वाण शोधत असतात.

पोपटराव_नव्हे (१३ ऑक्टोबर, सकाळी ८:०२)

आमचा धाकटा प्रत्येक विषयात ३५ मार्क पाडतो. तो स्थिर म्हणायचा का?

अर्धवट_शास्त्रज्ञ (१३ ऑक्टोबर, सकाळी ८:१०)

हो, अगदी स्थिर. चढ शून्य. म्हणूनच नुसत्या स्थिरतेवर कोणी वाण निवडत नाही, सोबत सरासरी बघतात. :)

माढ्याचा_मामा (१३ ऑक्टोबर, दुपारी १:२०)

शास्त्रज्ञ साहेब, लेख वाचला, चांगला हाय. पण तुमच्या त्या चढात रात्री दोनला येणारी लाईट धरलीय का? कालव्याचं आवर्तन आठ दिवस पुढं ढकलतात ते धरलंय का? केंद्रावरच्या गव्हाला पाणी द्यायला माणसं पगारी. माझ्या गव्हाला पाणी द्यायला मीच, गुडघे धरून.

चाळीस वर्षं गहू करतो. माझा हिशोब एकच: संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेला स्वेटर घालावा लागला तर त्या साली गहू येतो. घामानं भिजत जत्रा फिरलो तर पोती कमी शिवायची. वाण कोणतं का असंना.

अर्धवट_शास्त्रज्ञ (१३ ऑक्टोबर, दुपारी १:४५)

मामा, तुमचा स्वेटरच आमचा 'पर्यावरण निर्देशांक' आहे, म्हणजे रान आणि हंगाम किती चांगला ते मोजायचं माप. चेष्टा करत नाही, खरं सांगतो. वेळेवर पेरलेला गहू संक्रांतीच्या सुमाराला फुलोऱ्यात आणि चिकात (दाण्यात दूध भरताना) असतो. तेव्हा गारवा असला तर दाणा सावकाश आणि जास्त दिवस भरतो. ऊन वाढलं की गहू लवकर पिवळा पडतो. भरायचे दिवसच कमी होतात, म्हणून दाणा बारीक. डिसेंबरच्या मध्याला पेरलेल्याचा फुलोरा फेब्रुवारीत जातो आणि दाणे भरताना मार्च गाठतो. मार्चात सोलापूरचा पारा कुठं असतो ते मी सांगायला नको.

शिफारशीत लिहिलेलंच आहे: १५ नोव्हेंबरनंतर पेरणी जसजशी लांबेल तसं दर पंधरवड्याला हेक्टरी साधारण अडीच क्विंटल घटतं, आणि १५ डिसेंबरनंतर पेरणं परवडत नाही.

ओंबी (१३ ऑक्टोबर, दुपारी ४:३०)

सगळे क्विंटलवर बोलताय, चपातीवर कोणीच नाही. मी सोलापुरात राहते, माहेर अक्कलकोटकडचं. दरवर्षी वर्षाचा गहू भरते. एका वर्षी कोणीतरी "नवीन जात, भरपूर उतारा" म्हणून दोन पोती आणून दिली. सकाळी केलेली चपाती दुपारी डब्यात पापड झालेली. शेतकऱ्याचा उतारा स्थिर असेल हो, आमच्या पोळीचं काय?

आणि हो, दुकानात 'लोकवन' म्हणून जे मिळतं ते खरंच लोकवन असतं का? तीन दुकानांत तीन रंग दिसले.

तिफण (१३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१५)

@ओंबी, नावाची गंमत सांगतो. ते 'लोकवन' नाहीच मुळी, 'लोक-१' आहे. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात सणोसऱ्याची लोकभारती संस्था आहे, तिथं हा गहू निघाला, म्हणून 'लोक'. पुढचा इंग्रजी 'वन' आपल्याकडं नावालाच चिकटला आणि लोकांचं वन तयार झालं. आता किराणा दुकानात लांबट, चकचकीत दाणा दिसला की तो लोकवन.

पोपटराव_नव्हे (१३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२२)

मला इतकी वर्षं वाटायचं लोकवन म्हणजे वनखात्याचा गहू.

ओंबी (१३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:००)

@तिफण, हे माहीतच नव्हतं! आमच्याकडं खरा मान खपलीचा. दिवाळीनंतर खीर करायची ती खपलीचीच. गहू रात्रभर भिजवून, कांडून कोंडा काढून, गूळ-खोबरं-खसखस घालून. तुमच्या चढ-उतारात खपली कुठं बसतो?

अर्धवट_शास्त्रज्ञ (१३ ऑक्टोबर, रात्री ८:४०)

खपली बहुतेक ब गटात. उतारा बेताचा, पण सोशिक. शिवाय तांबेऱ्याबाबत (पानांवर-खोडावर येणारा बुरशीचा रोग) त्याचं नाव जगभर आहे. अमेरिकेत स्टॅकमन यांनी खोडावरच्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी बारा गव्हांचा संच ठरवला होता, त्यात एक खपली होता. आपल्या खिरीतला गहू तिकडच्या प्रयोगशाळेत कसोटीचा दगड.

भीमाकाठ (१३ ऑक्टोबर, रात्री ९:००)

तांबेऱ्याचं नाव निघालंच आहे तर मीच माझ्या लोकवनाविरुद्ध बोलतो. तांबेऱ्याच्या सालात त्याच्याएवढा दुबळा कोणी नाही. एका वर्षी जानेवारीत आठ दिवस ढगाळ होतं. रानातून फिरून आलो तर पांढरं धोतर शेंदरी. त्या वर्षी शेजाऱ्याचा 'त्र्यंबक' बांधाला बांध लावून हिरवागार उभा होता. माझ्या पोटात दुखलं ते अजून आठवतं.

तरी मी लोकवनच पेरतो. बाजारात विकला जातो म्हणून.

तिफण (१३ ऑक्टोबर, रात्री ९:२५)

हाच तो लहरी 'ड'. तांबेरा नसलेल्या सालात राजा. तांबेऱ्याचे बीजाणू दक्षिणेतल्या निलगिरी-पलनीच्या डोंगरांत वर्षभर टिकतात आणि तिथून वाऱ्यानं वर येतात, म्हणून आपल्या पट्ट्याला त्याचा धोका आधी. महाबळेश्वरला गव्हाच्या गेरव्यावर, म्हणजे तांबेऱ्यावरच, वेगळं संशोधन केंद्र आहे ते उगाच नाही.

कोरेगावकर (१४ ऑक्टोबर, सकाळी ९:१०)

साताऱ्यातून लिहितोय. आमच्या तालुक्यातल्या करंजखोपचं नाव पेपरात आलं होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेचं एमएसीएस ६४७८ हे वाण पेरून हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल निघाला. आधी लोक-१, एचडी २१८९ असली जुनी वाणं पेरून २५-३० पडायचा. दोन_रानं, तुम्ही हेच घ्या आणि मोकळे व्हा.

माढ्याचा_मामा (१४ ऑक्टोबर, सकाळी ९:४०)

करंजखोपचं पाणी आणि थंडी पिशवीत भरून येती का?

कोरेगावकर (१४ ऑक्टोबर, सकाळी ९:४४)

मामा, एवढं रागावता कशाला. आकडे खरे आहेत.

अर्धवट_शास्त्रज्ञ (१४ ऑक्टोबर, सकाळी १०:३०)

आकडे खरे आहेत आणि मामांचा प्रश्नही खरा आहे. ६४७८ ची शिफारस वेळेवर पेरणी आणि भरपूर पाणी यासाठी आहे. दोन_रानं यांच्या कालव्याच्या रानात जरूर बघावं. विहिरीच्या रानात डिसेंबरात ते पेरणं म्हणजे लाडावलेल्या पोराला दुष्काळी कामावर पाठवणं.

आणखी एक. देशपातळीवरच्या चाचण्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक एकाच 'द्वीपकल्पीय विभागात' येतात. निफाडपासून धारवाडपर्यंत. निफाडची थंडी आपण टीव्हीवर बघतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात ती. राज्याचं गव्हाचं मुख्य केंद्र नेमकं तिथं. फुले समाधान त्याच केंद्राचं. शिफारशीत त्याचा उतारा वेळेवर पेरणीला हेक्टरी ४६ आणि उशिरा पेरणीला ४४ क्विंटलच्या आसपास दिलाय. उशिराची घट फक्त दोन! कागदावर तरी तुम्ही मागताय तसंच वाण हे. पण ही दरी सोलापूरच्या मार्चमध्ये तेवढीच राहील असं मी छातीठोक सांगणार नाही. जरा रुंदावेल असं धरूनच चाला.

खोडवा_खोडवा (१४ ऑक्टोबर, दुपारी १२:१५)

२०२२ विसरलात का सगळे? देशात १९०१ पासूनच्या नोंदीतला सगळ्यात तापलेला मार्च. पंजाब-हरियाणात दाणा चिमला, मे महिन्यात सरकारनं गव्हाची निर्यात बंद केली. तिकडचे शेतकरी म्हणत होते असं कधी बघितलं नाही. मला हसू आलं. आमच्या उसाच्या रानातल्या गव्हावर दर साली तसाच मार्च येतो.

तिफण (१४ ऑक्टोबर, दुपारी १:००)

वाणावर एवढी चर्चा चाललीय, पाण्यावर दोन ओळी लिहितो. मध्यम ते भारी रानात एकच पाणी असेल तर ते पेरणीनंतर ४०-४२ दिवसांनी. दोन असतील तर २०-२२ आणि ६०-६५ दिवसांनी. तीन असतील तर २०-२२, ४०-४२ आणि ६०-६५. पहिलं पाणी मुकुटमुळं फुटताना, शेवटचं फुलोरा-चिकाला. विहिरीला दम नसताना दर बारा दिवसांनी दारं धरत बसलं तर पाणी नेमकं चिकाच्या वेळेला संपतं. माझं तसंच व्हायचं.

कमी पाण्यासाठीच नेत्रावती (एनआयएडब्ल्यू १४१५) काढलंय. एका पाण्यावर जमतं असं वाण ते. पण मर्यादित पाणी वेगळं आणि उशिराची पेरणी वेगळी. दोन_रानं यांच्या विहिरीच्या रानात दोन्ही साडेसात्या एकदम आहेत.

दोन_रानं (१४ ऑक्टोबर, रात्री ९:३०)

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळे दोनदा वाचले, बायकोलाही वाचून दाखवले. ती म्हणाली, @ओंबी यांचं आधी ऐका.

जुनी वही काढली. विहिरीच्या रानात ज्या साली ८ पडला ती पेरणी २ डिसेंबरची होती. ६ पडला ती ११ ची. कोंबड्यांना घातला ती १९ डिसेंबरची. तारखा लिहिल्या होत्या, पण शेजारी शेजारी मांडून कधी बघितल्या नाहीत.

तरी मूळ प्रश्न राहिलाच. एकच वाण दोन्हीकडं, हो की नाही?

माढ्याचा_मामा (१४ ऑक्टोबर, रात्री १०:०५)

मला एक सांग. दोन रानं दोन तऱ्हेची हायत हे तुला पेरायच्या आधीच ठाऊक हाय. मग बी एकच कशाला? काळ्या रानात नांगर वेगळा धरतोस आणि मध्यम रानात वेगळा. तिथं एकच नांगर पायजे म्हणून धागा काढला का?

ठाऊक नसतं ते एवढंच, की यंदा थंडी किती पडणार आणि लाईट कधी येणार. तेवढ्यासाठी दम असलेलं बी बघ. रानासाठी नको.

अर्धवट_शास्त्रज्ञ (१४ ऑक्टोबर, रात्री १०:३०)

मामा, नमस्कार घ्या. मी कालपासून चढ आणि रेषा करत बसलो आणि मुद्दा तुम्ही सांगितलात. ॲलार्ड आणि ब्रॅडशॉ यांनी १९६४ मध्ये हाच फरक मांडला होता: जमीन, पेरणीची तारीख, पाण्याची सोय या आधी माहीत असलेल्या गोष्टी, त्यांच्यासाठी वाणच वेगळं निवडायचं. हवामानाची लहर आधी कळत नाही, स्थिरता हवी ती तिच्यासाठी. परीक्षेत हे मी लिहिलंही होतं. विसरलो.

म्हणजे प्रश्न असा करा: कालव्याच्या रानात पाच वर्षांत दगा न देणारं कोणतं, आणि विहिरीच्या रानात कोणतं?

माढ्याचा_मामा (१४ ऑक्टोबर, रात्री १०:३४)

चौसष्ट साली मी मुंजीच्या वयाचा होतो. ब्रॅडशॉला सांगा माढ्याला या.

तिफण (१५ ऑक्टोबर, सकाळी ७:००)

@दोन_रानं, सगळं रान एका पिशवीवर लावू नका. कालव्याच्या रानात त्र्यंबक आणि ६४७८ अर्धं-अर्धं. विहिरीच्या रानात समाधान, एका कडेला दोन-तीन सारे नेत्रावती. आणि लोकवनचे दोन सारे दोन्ही रानांत ठेवाच, तुलनेला तेच लागतील. प्रत्येकाची मळणी वेगळी करा आणि काट्यावर वजन करा. "अंदाजे पाच पोती" नको. उशिराच्या पेरणीला बी एकरी ५० किलो धरा, वेळेवरच्याला ४०. उशिरा फुटवे कमी येतात.

ओंबी (१५ ऑक्टोबर, सकाळी ११:२०)

आणि प्रत्येकाचं दोन-दोन किलो पीठ मला पाठवा. चपातीचा निकाल मी देते. दुपारी दोन वाजता डबा उघडून.

दोन_रानं (१५ ऑक्टोबर, रात्री ९:१०)

ठरलं. बियाणं सांगून ठेवलं. नवीन पिशवीवाल्याला म्हणालो, रेकॉर्ड कुठल्या रानातलं ते लिहून दे, घेतो. परत फोन आला त्याला.

दोन_रानं (१० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५)

धागा वर काढतोय. कालव्याच्या रानात ५ तारखेला पेरणी झाली. पाच दिवसांत एकसारखा उगवलाय. खुंट्यांना नावं लावली. त्यातली एक खुंटी गाईनं उपटली. ते त्र्यंबक की ६४७८, यावर घरात मतभेद आहेत.

दोन_रानं (१८ डिसेंबर, रात्री ८:३०)

विहिरीच्या रानाची बातमी वाईट आहे. ऊस अजून उभा. टोळी आज येते, उद्या येते. कारखान्याच्या स्लिप बॉयला (तोडीची चिठ्ठी देणारा) रोज फोन, रोज "दोन दिवसांत." समाधानची पिशवी पडवीत तशीच आहे. आता तोड होऊन रान तयार व्हायला जानेवारीचा पहिला आठवडा. तरी पेरू का? समाधान उशिराचंच वाण आहे ना?

अर्धवट_शास्त्रज्ञ (१८ डिसेंबर, रात्री ८:५०)

नको. उशिराचं म्हणजे १५ डिसेंबरपर्यंतचं. जानेवारीत पेरायचं वाण ते नाही.

माढ्याचा_मामा (१८ डिसेंबर, रात्री ९:०५)

बी नीट वाळवून ठेव. प्रक्रिया केलेलं असंल तर कोंबड्यांना पण घालू नको, विष असतंय. रानात कडवळ टाक. उन्हाळ्यात जनावरांना चारा व्हईल.

मालदांडी_भक्त (१८ डिसेंबर, रात्री ९:०७)

कडवळ म्हणजे ज्वारीच की! १२ ऑक्टोबरला सांगत होतो.